नाणं वाजतं तेव्हा

नव्वदच्या दशकातली मे महिन्याची दुपार. बाहेरच्या खोलीत पंख्याखाली दोन मुलं मांडी घालून टीव्हीसमोर बसलेली. तीन-चार वेळा काढून, फुंकर मारून परत खोचल्यावर कॅसेट एकदाची लागलेली. आत स्वयंपाकघरात आजी विळीवर कैऱ्या चिरत असते. तिथून टीव्ही दिसत नाही, पण खेळ तिला सगळा कळत असतो. आता उडी मारली, आता नाणं मिळालं, आता वीट फुटली. मग गाणं मध्येच तुटतं, एक छोटी पडेल धून वाजते आणि आजी मान वर न करता म्हणते, ‘गेला वाटतं. दे आता त्याला.’

हा खेळ, ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, १९८५ साली जपानमध्ये आला. त्याचं संगीत कोजी कोंडो यांचं. निन्टेंडो कंपनीत येऊन त्यांना वर्ष-दीड वर्षच झालं होतं, वय २४. पूर्ण खेळ ४० किलोबाइटचा, चित्रं आणि गाणी धरून. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोसुद्धा याच्या कित्येक पट जागा खातो. त्या इवल्याशा जागेत गाण्याचं ध्वनिमुद्रण मावणं शक्यच नव्हतं. तिथे होती फक्त सुरांची यादी: कुठला सूर, किती वेळ. गाणं खेळाचं यंत्र स्वतः, त्या क्षणी, गात असे.

आणि त्या यंत्राला गळे पाचच. दोन काहीसे नाकातले, धारदार. तिसरा गोल, मऊ. तो खर्ज सांभाळतो, पण त्याला हळू-जोरात म्हणून काही जमत नाही. एक तर वाजायचं, नाहीतर गप्प राहायचं. चौथा नुसती खरखर करतो, आणि तिचेच बारीक तुकडे पाडून कोंडोंनी ठेका बांधला. पाचवा मुद्रित आवाजाचे छोटे तुकडे वाजवू शकतो. मारिओच्या गाण्याचा संसार पहिल्या चौघांवर चालतो.

खरी गंमत पुढे आहे. उडीचा आवाज, नाण्याचा आवाज यांच्यासाठी वेगळा गळा ठेवलेलाच नाही. मारिओने उडी मारली की एक धारदार गळा गाण्यातला आपला सूर सोडतो, सर्रकन वर चढणारा उडीचा आवाज काढतो आणि पुन्हा गाण्यात येऊन मिळतो. नाणं मिळालं की हेच काम दुसरा गळा करतो: एक निसटता सूर, लगेच त्याच्या वरचा लांबलेला. तेवढ्यापुरती गाण्याची एक बाजू रिकामी होते. वीट फुटते तेव्हा ठेक्याची खरखर तिकडे धावते. ऐकणाऱ्याला यातली तूट जाणवत नाही, कारण त्या जागी त्याच्याच बोटाने काढलेला आवाज असतो. कोणत्याही दोन मुलांनी हे गाणं कधी हुबेहूब सारखं ऐकलेलं नाही. ज्याच्या उड्या वेगळ्या, त्याचं गाणं वेगळं.

कोंडोंनी आधी दुसरी चाल बांधली होती. मारिओच्या धावण्याशी, उड्यांशी ती जुळेना, म्हणून त्यांनी ती सोडून दिली. हिरवळीवरचं गाणं उड्या मारतं, तळघरातलं सहा पावलं टाकून थबकतं, दबकत पुढे सरकतं. पाण्याखाली मात्र तीन-तीन मात्रांचा वॉल्ट्झ, मराठी कानाला दादऱ्याच्या जवळचा. मोठ्या मारिओची उडी छोट्याच्या उडीपेक्षा खालच्या सुरात वाजते, इतकं बारीक काम! आजीची फसगत व्हावी अशी जागा एकच. नळातून खाली जातानाचा आवाज आणि मार बसून लहान होतानाचा आवाज अगदी एकच आहे.

वेळ १०० च्या खाली गेली की इशारा वाजतो आणि तेच गाणं द्रुत लयीत सुरू होतं. मुलांचे खांदे ताठ होतात. ही युक्ती मारिओच्या आधीची. १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या खेळात गाणं असं नव्हतंच, खाली उतरणारे चार जाड सूर फक्त, छातीत ठोके पडावेत तसे. पडद्यावर ५५ शत्रू. ते मरत जातील तसं यंत्रावरचं ओझं कमी होई आणि उरलेले आपोआप भरभर सरकू लागत. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. ठोकेही त्यांच्याबरोबर वाढत गेले. शेवटचा शत्रू उरेपर्यंत खेळणाऱ्याचा जीव मुठीत.

मराठी घरांत आलेली यंत्रं बहुतेक मूळ जपानी यंत्राच्या नकला होत्या. मारिओच्या गाण्याची लय पडद्याच्या गतीला बांधलेली आहे आणि जपानी पडदा सेकंदाला ६० वेळा रंगत असे. भारतातला तेव्हाचा टीव्ही पाल पद्धतीचा, ५० वेळा रंगणारा. ज्या यंत्रांनी ही ५० ची गती धरली, त्यांच्यावर जपानी यंत्रावरच्या गाण्याने सहा पावलं टाकावीत तेवढ्या वेळात गाणं पाचच टाकत असे. त्या घरांतल्या मुलांच्या मनात तीच लय पक्की बसली. पुढे मूळ गाणं कानावर पडलं की त्यांना ते घाईत असल्यासारखं वाटतं.

२०२३ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय यादीत मारिओची ही धून घेतली. व्हिडिओ गेमच्या संगीताला तिथे पहिल्यांदाच जागा मिळाली. आता मोठमोठे वाद्यवृंद ती वाजवतात. व्हायोलिनं असतात, पितळी वाद्यं असतात, खराखुरा ढोल असतो आणि एकही सूर कुणासाठी जागा सोडत नाही. सभागृहात बसलेला चाळिशीचा माणूस डोळे मिटून ऐकतो. नेहमीचं वळण येतं, जिथे डोक्यावरच्या विटेतून नाणं निघायचं. कान तिथे क्षणभर थांबतो, आणि गाणं न अडखळता पुढे निघून जातं.