नऊ जणांचा संघ

सामन्याआधी पंचांनी यादी मागितली तेव्हा माझ्या हातातल्या कागदावर सोळा नावं होती आणि मैदानावर नऊ मुलं. 2022 च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेसाठी आम्ही पहाटेच्या एसटीने अहेरीहून चंद्रपूरला आलो होतो. नियमाप्रमाणे सात खेळाडू असले तरी सामना सुरू होतो. "नऊ आहेत ना, चालेल," पंच म्हणाले. मध्यंतरानंतर एकाचा घोटा मुरगळला आणि आठ उरले. आठही जण शेवटच्या शिट्टीपर्यंत धावले. पाच गोलांनी हरलो.

दुसऱ्या आठवड्यात महाविद्यालयात बैठक झाली. त्या जुलैत प्राणहिता आणि गोदावरीच्या पुराने सिरोंचा तालुक्यातली अनेक गावं रिकामी करावी लागली होती, ते कारण सगळ्यांना पटलं. रस्ते, निधी, मोबाइल, मैदानाच्या कोपऱ्यात उभी राहिलेली नवी इमारत, अशी बाकीची कारणंही निघाली. यांतलं एकही खोटं नव्हतं. मी अहवाल लिहिला, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद अत्यल्प,' आणि खाली शारीरिक शिक्षण संचालक म्हणून सही केली.

सही केली खरी, पण त्या वाक्याने मला झोपू दिलं नाही. कारण हाच संघ मी उभा राहताना पाहिला होता.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमचं महाविद्यालय नागपूर विद्यापीठात होतं. सामन्यासाठी जायचं म्हणजे प्रवासातच एक दिवस मोडायचा. तरी वीस-बावीस मुलं सरावाला असत. मुलचेरा तालुक्यातल्या बंगाली वसाहतींमधून मुलं यायची. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या त्यांच्या आजी-आजोबांनी इथे घरं बांधली, आणि फुटबॉल त्यांच्याबरोबरच आला. जिमलगट्टा, सिरोंचाकडची मुलं घरी तेलुगू बोलायची. पेरमिली, भामरागडकडची माडिया मुलं आश्रमशाळेत अनवाणी खेळून तयार झालेली, दम न लागणारी. चेंडू मागताना एक "इकडे" म्हणायचा, दुसरा "इटु", तिसरा "एदिके". महिनाभरात सगळ्यांना सगळं कळू लागायचं.

2011 साली गोंडवाना विद्यापीठ झालं. सामने चंद्रपूर-गडचिरोलीला होऊ लागले, नागपूरची वारी संपली. अंतरामुळे संघ अडत असता, तर तिथून तो वर यायला हवा होता. तो तिथूनच उतरत गेला. संघ का खचला, याचं उत्तर रस्त्याकडे, निधीकडे मागता येत नव्हतं.

उत्तर मला पेरमिलीच्या पुढच्या एका गावात मिळालं. यादीतल्या गैरहजर सात मुलांपैकी एक तिथला होता. डाव्या पायाचा खेळाडू, कोपऱ्यावरून असा चेंडू टाकायचा की समोरच्याने नुसतं डोकं लावावं. धानाची कापणी चालू होती. मला पाहून तो विळा घेऊनच बांधावर आला.

"सर, बोलावणं आलंच नाही जी."

"ग्रुपवर तारीख टाकली होती."

"इथे रेंज नाही. त्या टेकडीवर गेलं की येते. मी गेलो तोवर तारीख निघून गेली होती."

त्याचे वडील मागे उभे होते. म्हणाले, "याच्या मोठ्या भावाले न्यायले तुम्ही आले होते. मग आलेच नाही. मी म्हटलं, सर बदलले असतील."

मी खाली बसलो. त्या भावाला न्यायला आलो होतो तो दिवस लख्ख आठवला. आमची निवड चाचणी ऑगस्टमध्ये असते आणि त्याच दिवसांत धानाची रोवणी असते. मुलगा घरचा कामाचा हात. म्हणून मी जूनपासून मोटारसायकलवर गावोगाव जायचो. कोणाची बांधी कधी, पऱ्हे कधी उपटणार, हे वहीत लिहायचो. बापाशी ठरवायचो: रोवणी होईपर्यंत पोरगा तुमचा, नंतर तीन आठवडे माझा. फोन नसलेल्या गावात किराणा दुकानदाराकडे निरोप ठेवायचो. संघ अहेरीच्या मैदानावर नंतर बनायचा, आधी या बांधांवर बनायचा.

मग व्हॉट्सॲप आलं. निरोप एका बोटावर जाऊ लागला आणि माझी मोटारसायकल घरी राहिली. 15 सप्टेंबर 2017 ला राज्यभर फुटबॉलचा महोत्सव झाला. जवळच्या एका शाळेत मुलं नव्या चेंडूमागे धावताना पाहिली आणि समाधानाने मनाशी म्हणालो, आता मुलं आपोआप येतील. त्यानंतर वहीत एकाही गावाचं नाव चढलं नाही. ज्यांच्यापर्यंत निरोप पोचला नाही, त्यांना मी 'प्रतिसाद नाही' या रकान्यात टाकत गेलो.

रस्ता आणि मैदान माझ्या हातात नव्हतं. बोलावणं माझ्या हातात होतं, आणि संघ तिथेच तुटला होता.

मी दुसरा अहवाल लिहिला: 'दुर्गम गावांतील खेळाडूंशी संपर्क ठेवला गेला नाही. ही जबाबदारी माझी.' प्राचार्य म्हणाले, याची गरज नाही. मी म्हणालो, फाइलला लावा. मग त्या नऊ जणांना बोलावलं आणि दोन्ही अहवाल वाचून दाखवले. पहिला वाचताना आवाज अडला. ही मुलं आली होती, आठ उरल्यावरही धावली होती, आणि त्यांच्याच संघाबद्दल मी 'प्रतिसाद अत्यल्प' लिहिलं होतं.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग गोलकीपर म्हणाला, "सर, मला वाटलं ते पाच गोल माझ्यामुळे झाले."

तो शेवटच्या वर्षाला होता. त्याने ते ओझं दोन महिने उचललं होतं, आणि पुढच्या स्पर्धेत ते उतरवायची संधी त्याला मिळणार नव्हती. संघ खचतो तेव्हा हार मैदानावर असलेल्यांच्या अंगावर पडते. ज्याने संघ उभा करायचा, तो बाहेर खुर्चीवर बसलेला असतो.

2023 च्या जूनमध्ये नवी वही घेतली. चाचणी अहेरीच्या आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवली, म्हणजे घरच्यांच्या गाडीतून मुलाला येता येईल. चौदा मुलं जमली. स्पर्धेत एक सामना जिंकलो, पुढचा हरलो.

त्या जूनमध्ये पेरमिलीच्या पुढच्या त्या गावात गेलो तेव्हा पाऊस नुकताच लागला होता. त्या मुलाचे वडील बांधावर उभे राहून नांगरलेल्या बांधीकडे पाहत होते. रामराम झाला. त्यांनी विचारलं, "किती दिवस न्याल?"

मी वही उघडली आणि विचारलं, "आधी सांगा, तुमची रोवणी कधी?"