आडवा शब्द, अक्षरे दोन

मैत्रिणींनो, दुपारची झाकपाक झाली की तुम्हीही शब्दकोडं घेऊन बसता ना? 1978 साली, प्रभादेवीच्या आमच्या चाळीत, मी अशीच एकदा अडले. ‘रोमन लोकांची पुष्पदेवता. अक्षरे दोन.’ मी चांगली बी. ए. झालेली, पण छे!

सिद्धिविनायकासाठी दूर्वा निवडत बसलेल्या, चौथी शिकलेल्या सासूबाई म्हणाल्या, “अगं, फ्लोरा! फोर्टातल्या कारंज्यावर उभी आहे ती. तुझे मामंजी सांगायचे.”

कितीतरी वर्षांपासून ती तिथं उभी! लग्नाआधी मी रोज तिच्याच पायाशी बसमधून उतरायची. मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. आणि घरातल्या माणसाकडे तरी कुठं पाहिलं होतं?

तेव्हापासून कोडं आम्ही दोघींनी मिळून सोडवलं. तुम्ही अडलात, तर आधी घरात विचारा हं!