नातं आहे, पण कोणतं?

आमच्या इंदूरच्या घरी लग्नाची निमंत्रणं काढताना आजीला यादीत नुसतं ‘नातेवाईक’ लिहिलेलं चालत नसे. “कुणाकडून? आत्याकडचे की मावशीकडचे?” असं विचारून ती प्रत्येक नावापुढे नातं लिहायला लावायची. मला तो नसता खटाटोप वाटायचा. पुढे ऑफिसात तोंडावर आपटले, तेव्हा आजी आठवली.

मी बिझनेस ॲनालिस्ट. ग्राहकाला सॉफ्टवेअरकडून काय हवंय ते समजून घेऊन नीट लिहायचं, हे माझं काम. अशा एकेका गरजेला आम्ही रिक्वायरमेंट म्हणतो. कोणती कशाशी जोडलेली आहे, याचा तक्ताही ठेवावा लागतो. एका प्रकल्पात माझ्या तक्त्यात तीनशेच्या वर जोडण्या होत्या आणि प्रत्येकीपुढे एकच शब्द: ‘संबंधित’. तक्ता भरलेला दिसत होता, म्हणून मी खूश!

मग ग्राहक म्हणाला, “फॉर्म फार लांब झालाय, जन्मतारीख काढा.” तक्त्यात जन्मतारीख अकरा गोष्टींशी ‘संबंधित’ होती. त्यातून काय कळणार? काढली. ज्येष्ठांची सवलत मात्र वयावरूनच ठरत होती. सवलतीची टेस्ट पुन्हा चालवायला हवी, हेही त्या तक्त्यावरून कुणाला कळलं नाही. सॉफ्टवेअर सुरू झालं आणि एकाही ज्येष्ठाला सवलत मिळेना. तक्रार करणारे बहुतेक माझ्या बाबांच्या वयाचे. चूक माझीच होती.

आमच्या क्षेत्रातल्या ‘बॅबॉक गाइड’च्या २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही नाती नावानिशी दिली आहेत. एक गरज दुसरीतून निघते किंवा दुसरीवर अवलंबून असते. सॉफ्टवेअरचा एखादा भाग गरज पूर्ण करतो. टेस्ट ती पूर्ण झाली का ते तपासते. मी हे वाचलं होतं, वापरलं नव्हतं.

आता प्रत्येक जोडणीला मी तीन प्रश्न विचारते. नातं कोणतं? कोण कुणावर अवलंबून? हे बदललं तर तिकडे काय तपासावं लागेल? तिसऱ्याचं उत्तर ‘काहीच नाही’ आलं, तर जोडणी पुसते. आणि कुठल्याच उद्दिष्टाशी न जोडलेली रिक्वायरमेंट दिसली, की ती मुळात कुणी मागितली होती ते शोधते.

मागच्या महिन्यात एका ग्राहकाने असाच एक रकाना काढायला सांगितला. मी तक्ता उघडला आणि पाच मिनिटांत सांगितलं, “काढू या, पण या दोन गोष्टी बंद पडतील.”

रकाना राहिला.