मामाची लेन्स आणि कार्ल्याचे हत्ती

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरलीत की मळवलीला उतरायचं. मग रिक्षा, मग पायऱ्या. वर एकवीरा आईचं देऊळ, आणि त्याला लागूनच कार्ल्याचं चैत्यगृह. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डोंगरात कोरलेलं, जवळजवळ ३८ मीटर लांब! दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब, माथ्यावर गुडघे टेकलेले हत्ती आणि त्यांच्यावर बसलेली माणसं. छताच्या लाकडी कमानीही तेवढ्याच जुन्या, बरं का!

मामाला या हत्तींच्या रांगेचा फोटो हवा होता. आता त्याची नजर अधू झालीय, म्हणून त्याची फिल्मच्या काळातली ५० मिलिमीटरची लेन्स माझ्याकडे आली. मधे अ‍ॅडॉप्टरची कडी लावून ती मी माझ्या मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर बसवली. (घरात अशी लेन्स सापडली तर जबरदस्तीने पिळून बसवू नका हं! काही जुन्या लेन्सचा मागचा भाग नव्या कॅमेऱ्याला आतून लागतो. आधी जाणकाराला विचारा.)

बटण दाबलं, तर कॅमेरा म्हणतो, लेन्सच नाही! खरंच आहे, तिच्यात वीज नाही की मोटर नाही. 'लेन्स नसली तरी फोटो काढ' असं मेनूत जाऊन सांगावं लागलं. पायऱ्यांवर बसून मी ते शोधत होतो आणि दर्शनाला निघालेल्या आजीबाई म्हणत होत्या, "बाळा, जरा सरक की!"

आत काळोख. उजेड येतो तो समोरच्या घोड्याच्या नालासारख्या खिडकीतून. फ्लॅश मारला तर तो शेवटपर्यंत पोचत नाही, आणि खिडकीतला मऊ उजेड मात्र मरतो. म्हणून लेन्सवरची अ‍ॅपर्चरची कडी फिरवायची. तिच्यावर आकडे असतात: १.८, २.८, ४, ५.६, ८. आकडा लहान तेवढं छिद्र मोठं! तुम्ही म्हणाल, हे उलटंच. पण ५० ला आकड्याने भागून बघा. ४ ला छिद्र साडेबारा मिलिमीटरचं, ८ ला सव्वासहाचं. रुंदी निम्मी झाली की उजेड पाव होतो.

मी खुशीत १.८ लावलं. उजेड भरपूर, पण जवळचा एक हत्ती स्पष्ट आणि पुढची सगळी रांग धुक्यात. शेवटी ८ लावलं. आता शटर पाव सेकंद उघडं ठेवावं लागणार, म्हणजे हात हलणार. ट्रायपॉडला परवानगी लागते. मग दप्तर जमिनीवर, त्यावर कॅमेरा. पडद्यावर चित्र मोठं करून मधल्या हत्तीवर फोकस केला, दोन सेकंदांचा टायमर लावला आणि श्वास रोखला.

घरी मामाने फोटो अगदी नाकाजवळ धरला.

"किती ठेवलं होतंस?"

"आठ."

"मग बरोबर," म्हणाला आणि हत्ती मोजायला लागला.