पलंगाखालचे कोठार

घराला चाके लावली म्हणून संसार हलका होत नाही. मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याच्या ज्या घराला अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात, त्यात शेगडी, न्हाणीघर, पलंग, जेवणाचे मेज अशी सारी मांडणी असते. वॅली बायम यांच्या ‘एअरस्ट्रीम’ कंपनीने १९३६ साली ‘क्लिपर’ हे ॲल्युमिनियमचे चकचकीत घर आणले. तेव्हापासून या घरांची रूपे पुष्कळ पालटली; अडचण मात्र राहिलीच. जागा असते, पण तिथवर हात पोहोचत नाही.

निवृत्तीनंतर असे घर घेऊन देश पाहायला निघालेल्या एका दांपत्याला हे पहिल्याच प्रवासात कळले. सर्वांत मोठे कोठार पलंगाखाली होते. त्याचे झाकण म्हणजे प्लायवुडची अखंड फळी आणि वर गादी. वस्तू काढायची, तर एका हाताने गादीसकट फळी तोलून धरायची आणि दुसऱ्या हाताने अंधारात चाचपडायचे. आपल्याकडच्या पेटीपलंगाचे सुख ज्यांनी भोगले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. बाईंचा खांदा दुखरा होता. म्हणून पतीने हौसेने फळीला वायूचे दांडे बसविले. मोटारीचे मागचे दार उचलून धरतात, तेच हे दांडे. नळीत दाबून भरलेला नायट्रोजन वजन पेलतो. फळी आता सहज वर जाऊ लागली आणि काम संपले असे दोघांना वाटले.

एका पावसाळी रात्री पतीला दम लागला. औषधांची पिशवी पलंगाखाली होती आणि पलंगावर ते स्वतः होते. माणूस झोपलेला असताना फळी कोणताही वायू उचलू शकत नव्हता. बाई विजेरी घेऊन बाहेर धावल्या. घराच्या अंगाला सामानाचे एक बुटके दार होते. त्यासमोर चिखलात गुडघे टेकून त्यांनी आतली खोकी एकेक करून बाहेर ओढली. पिशवी अगदी शेवटी हाती लागली. त्या रात्री थोडक्यात निभावले.

पुढच्या मुक्कामी करवत निघाली. पलंगाच्या बाजूच्या फळीला, चालण्याच्या वाटेकडे, दार करायचे ठरले. मात्र आधी आत नीट पाहावे लागले. पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा तिथूनच जातात, आणि काही उभ्या फळ्यांवर पलंगाचाच भार असतो. त्या टाळून दोन सरकते खण बसले. वळणावर ते आपोआप उघडू नयेत, म्हणून त्यांना खिट्याही लागल्या.

मग बाईंनी सुचविले, की जड डबेही मागच्या कपाटात हाताशी ठेवावेत. येथे पती अडून बसले, आणि त्यांचे बरोबर होते. अशा घराच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडणीवर पडावा लागतो. २,००० किलोच्या घराचा २०० ते ३०० किलो. मागे वजन वाढले की हा भार घटतो, आणि वेगात घर शेपटीसारखे डोलू लागून मोटारीलाही खेचते. म्हणून डबे खालीच, चाकांच्या जवळ राहिले. त्यांच्यासाठी वाकणे दोघांनी मान्य केले.

वायूचे दांडे अजून आहेत. त्या फळीखाली आता हिवाळ्याच्या रजया असतात. औषधांची पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकविलेली असते, बाईंचा दुखरा हात जेवढा वर जातो तेवढ्याच उंचीवर.