मांडी घालता येईल असा बाक

जेवणाच्या टेबलाची उंची तीस इंच, बाकाची अठरा. हे माप कुठल्याही पुस्तकात सापडतं आणि ते चुकीचंही नाही. फक्त ते पाय खाली सोडून जेवणाऱ्या माणसाचं माप आहे. डोंबिवलीच्या कोपर गावातल्या आमच्या घरात अशी माणसं थोडी. काकी कशावरही टेकली की आधी एक पाय वर घेते, मग दुसरा, आणि मांडी घालूनच ताट पुढे ओढते. वहिनींचा एक गुडघा कायम उभा. पोरांचं तर काही सांगूच नये. म्हणून मागच्या अंगणात जेवणाचं टेबल आणि दोन बाक करायचं ठरलं तेव्हा मी टेप घेऊन पहिल्यांदा काकीची मांडी मोजली. "काय रे, आत्तापासूनच माप घेतोस का?" ती म्हणाली. सगळे हसले, पण माप मिळालं.

मांडी घातली की गुडघे बसण्याच्या पातळीपासून सहा-सात इंच वर येतात आणि बैठक बारा इंची पट्टीवर मावत नाही. बाजारातला बाक बारा इंचांचाच असतो, फार तर चौदा. मी चार इंचांच्या चार पट्ट्या घेतल्या, मधे दोन-दोन सुतांच्या फटी सोडल्या. बाक जवळजवळ सतरा इंच रुंद झाला. उंची सोळा ठेवली. म्हणजे गुडघा तेवीसवर. टेबल एकोणतीस, त्यातून फळीची दीड इंच जाडी गेली, उरले साडेचार इंच. टेबलाच्या फळीखाली पायांना जोडणारी जी आडवी पट्टी असते ती चार इंच ठेवायची सवय माझ्या हाताला. ती ठेवली असती तर काकीचा गुडघा तिला घासला असता. पट्टी तीन इंचांवर आणली आणि कडेपासून चांगली आत सरकवली. दिसायला टेबल जरा सडपातळ झालं. त्याला इलाज नाही.

पुतण्यानं आधी मोबाइलवर एक चित्र दाखवलं होतं. परदेशातल्या बागांमध्ये असतं तसं, टेबल आणि बाक एकाच सांगाड्यात जोडलेलं. "काका, हे करा, हलत नाही, भक्कम." भक्कम होतंच. पण त्यात बसायचं म्हणजे बाकावरून पाय टाकून आत शिरायचं. नऊवारी नेसलेली सत्तरी ओलांडलेली बाई ते कसं करणार? चित्र काढणाऱ्यासमोर पँट घातलेला माणूस होता, एवढंच. बाक सुटे करायचे ठरले.

सुट्या बाकाची मात्र एक खोड असते. मी माटुंग्याच्या रेल्वे कारखान्यात सुतार म्हणून आयुष्य काढलं. जीआयपी रेल्वेनं १९१५ साली डब्यांच्या दुरुस्तीसाठी उभारलेला हा कारखाना. पेरांबूरला १९५५ पासून पोलादी डबे बनू लागले आणि सागवानी डबे मागे पडत गेले, पण आतल्या बाकांवर लाकडी पट्ट्या पुढे बरीच वर्षं राहिल्या. लोकलच्या दुसऱ्या वर्गातले ते पट्ट्यांचे बाक पुष्कळांना आठवत असतील. तिघांच्या बाकावर चौथा बसणारच, हे मध्य रेल्वेवर कुणाला शिकवावं लागत नाही. तो टोकावर अर्धा हवेत असतो, आणि बाकाची खरी परीक्षा तोच घेतो. गाडीतला बाक खाली पक्का आवळलेला असतो म्हणून निभावतं. अंगणातला नुसता उभा असतो. पाय टोकापासून फूटभर आत घेतले आणि मधली माणसं हात धुवायला उठली, की टोकावर उरलेला माणूस ताटासकट खाली. म्हणून पाय टोकाजवळ घ्यायचे. मी पाच इंचांवर घेतले आणि खालच्या बाजूला किंचित बाहेर फाकवले.

लांबी सहा फूट. तिघं ऐसपैस बसतात, चौघं बसले की कोपराला कोपर लागतं. आठ फुटी करा असा घरातून आग्रह होता. पण आमच्याकडे लग्नाची हळद निघाली की अंगण रिकामं करावं लागतं, आणि तेव्हा दोन माणसांना टेबल उचलता आलं पाहिजे. सागाचा घनफूट अठरा किलोच्या आसपास भरतो. माझ्या टेबलात सव्वातीन घनफूट लाकूड गेलं, म्हणजे साठ किलोंच्या आतबाहेर. आठ फुटी टेबल हलवायला चार माणसं बोलवावी लागली असती, आणि हळदीच्या घरात रिकामी चार माणसं मिळत नाहीत.

आता लाकूड. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ आलं त्यात आमच्या अंगणातला आंबा पडला. त्याचंच टेबल करावं असं सगळ्यांच्या मनात. मी नाही म्हटलं. आंब्याच्या लाकडाला भुंगा लवकर लागतो, ओल लागली की बुरशीचे निळेकाळे डाग पडतात. आतल्या कामाला ते चालतं, उघड्यावर दोन-तीन पावसाळ्यांत कुजतं. त्याचे पाट केले, ते घरात वापरात आहेत. शिवकालीन परंपरा सांगणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी सागासारखं लाकूड परवानगीनं तोडावं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असं बजावलं आहे. ही झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि एखादं जीर्ण झाड घ्यायचंच झालं तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी स्वराज्यात आली आणि इथल्या खाडीकाठी आरमाराची उभारणी सुरू झाली, तेव्हा हा प्रश्न आमच्याच परिसरात पहिल्यांदा उभा राहिला असणार. आज्ञापत्रातलं कारण दयेचं आहे. सुतार म्हणून मला त्यात व्यवहारही दिसतो: पाण्यात टिकणारं लाकूड पाण्यासाठी, फळ देणारं झाड फळासाठी.

साग घ्यायचा तर कुठला? बल्लारशाच्या डेपोतला साग नावाजलेला. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली तिथूनच माल गेला. पण आमच्यासारख्याला वखारीत जो नवा साग मिळतो त्यात बाहेरचं पांढरट लाकूड बरंच असतं. सागाचं नाव आहे ते त्याच्या गाभ्यामुळे. वाळवीला नकोसं वाटणारं तेलकट द्रव्य गाभ्यातच असतं. पांढरा भाग इतर कुठल्याही लाकडासारखा कुजतो. मी जुनं लाकूड घेतलं. कल्याण-डोंबिवलीत जुन्या चाळी आणि घरं इतकी पडताहेत की तुळया-वाशांच्या वखारी भरलेल्या असतात. ते लाकूड पन्नास-साठ वर्षं छपराखाली वाळलेलं. त्याला जे आखडायचं, वाकायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असतं. त्रास एकच, आत मोडून राहिलेले खिळे. चुंबक फिरवल्याशिवाय करवत लावायची नाही. सागात मुळातच वाळूसारखी सिलिका असते, त्यामुळे रंध्याचं पान लवकर बोथटतं. त्यात खिळा लागला की दिवस फुकट. कोपरचा पूल त्या वेळी बंद होता (सप्टेंबर २०१९ ते सप्टेंबर २०२१), सगळी वाहतूक ठाकुर्लीच्या पुलावर, त्यामुळे लाकूड येण्याआधी टेंपोवाल्याचे फोनच जास्त आले.

खरं काम यापुढे. ठाण्याच्या या पट्ट्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. घराघरात बाहेरच्या लाकडाला जाड पॉलिश मारून पाणी अडवायचा प्रयत्न होतो. दुकानदारही पीयूचा डबा पुढे करतो. आतल्या कपाटाला ते उत्तम. उघड्यावर लाकूड फुगतं-आखडतं, वरचा थर तसं करत नाही. सांध्याशी केसाएवढी चीर पडते, पाणी आत शिरतं आणि त्याच थरामुळे बाहेर पडू शकत नाही. पुढच्या वर्षी पांढरे फोड, त्यापुढच्या वर्षी पापुद्रे. माझं म्हणणं असं, की पाणी येणारच. ते लवकर जाईल अशी वाट द्यावी.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, हलतं ते रुंदीत. चार इंची सागाची पट्टी मे महिन्यातल्या कोरडेपणापासून ऑगस्टच्या ओलीपर्यंत साधारण दीड मिलिमीटर फुगू शकते. टेबलाला अशा आठ पट्ट्या. डिंकानं एकसंध चिकटवल्या तर बारा मिलिमीटर, म्हणजे चार सूत, कुठे जाणार? एकतर फळी फाटेल, नाहीतर खालचा सांगाडा उकलेल. म्हणून पट्ट्या सुट्या, मधे दोन सुतांची फट, आणि प्रत्येक पट्टी खालून पितळी स्क्रूनं धरलेली. आडव्या पट्टीतली भोकं जरा लांबट, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा. फट अर्ध्या सुताची ठेवण्याचा मोह होतो, सुबक दिसते. पण बारीक फटीत पाणी अडकून राहतं, खाली पडतच नाही, आणि कूज तिथूनच सुरू होते. फट ठेवायची तर पाणी गळेल एवढी ठेवावी.

प्रत्येक पट्टीच्या कडा रंध्यानं गोल केल्या, आणि टोकांशी खालच्या अंगाला एक बारीक खाच मारली. छज्ज्याखाली गवंडी मारतात तीच. थेंब लाकडाच्या खालून सरकत आत येतो तो खाचेशी तुटून पडतो. पायांचे सांधे कुसू-खोबणीचे, आणि आरपार बांबूची खुंटी. खोबणीतलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम अर्ध्या सुतानं मागेपुढे घ्यायचं. खुंटी ठोकली की सांधा आपोआप आवळला जातो. लोखंडी खिळा कुठेच नाही. ओल्या सागात लोखंड काळं पडतं, गंजून फुगतं, आणि खाडीची खारी हवा त्याला मदतच करते.

सगळ्यात जास्त पाणी पितात ती पायांची टोकं. लाकडाच्या नळ्या तिथे उघड्या असतात, ओल्या फरशीतून पाणी वर चढतं. जुन्या वाड्यांतला खांब कधी जमिनीला टेकवत नसत, खाली दगडी तळखडा असे. मी कडाप्पाचे पाच इंची तुकडे कापून आणले, चार पायांखाली चार. शिवाय टोकं इपॉक्सीत बुडवून घेतली. तळखड्यांची अडचण एवढीच की टेबल हलवलं की पोरं त्यांचा स्टंप करतात.

वरून फक्त तेल. कच्चं जवसाचं तेल आपल्या हवेत बुरशीनं काळवंडतं, म्हणून शिजवलेलं, टर्पेंटाइन घालून पातळ केलेलं. मे महिन्यात एक हात, दसऱ्यानंतर एक. तरीही वर्षभरात रंग राखाडी झाला. घरच्यांना वाटलं, लाकूड गेलं. ऊन वरचा पापुद्रा झिजवतं, पाऊस तो धुऊन नेतो. एक हात रंधा मारला की खाली तांबूस साग तसाच. मी रंधा मारत नाही. मला तो राखाडी रंग आवडतो, वहिनींना नाही.

फटींवरून मात्र घरात खूप बोललं गेलं. भाताची शितं पडतात, मुंग्या येतात, सार मांडीवर गळतं. सार गळतं हे खरं. शितांचं म्हणाल तर खाली कोंबड्या आहेत. हळदीच्या डागांची मला धास्ती होती. पण हळदीचा पिवळा रंग उन्हात टिकत नाही, तीन-चार दिवसांत विटून जातो. घरातल्या टेबलावर जो डाग जन्मभर राहिला असता तो इथे आठवडाही काढत नाही. जात नाही तो ओल्या लोखंडी तव्याचा काळा गोल. तो एक आहे, आणि कुणी ठेवला हे सगळ्यांना माहीत आहे.

टेबलाची रुंदी चौतीस इंच झाली. समोरासमोर दोन बारा इंची ताटं गेली की मधे दहा इंच उरतात, तेवढ्यात चिंबोऱ्यांचा टोप, भाताचं पातेलं आणि भाकऱ्यांची टोपली एका रांगेत बसते. जमिनीवरच्या पंगतीत दोन ओळींच्या मधून वाढणारं माणूस फिरतं. इथे तसं फिरायला जागाच नाही, आणि टोप मधे असल्यावर गरजही नाही. जो तो हात लांबवतो. वहिनी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसल्या तेव्हा त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. काही आणायचं नसताना दोनदा उठून आत जाऊन आल्या. बाक टोकाशी उलटला नाही, हे मी तेव्हाच पाहून घेतलं.

आता काकीला पाठ टेकायला हवी आहे. मागणी रास्त आहे, पण पाठ लावली की बाकाचं गणितच बदलतं. टेकणारा माणूस मागे रेटतो, सगळा जोर मागच्या पायांच्या सांध्यावर येतो. पाय वर चढवून त्यांचीच पाठ करावी लागते, म्हणजे मागचे दोन पाय नवीन. शिवाय पाठीचा बाक एकाच बाजूनं वापरता येतो. सध्या संध्याकाळी बायका त्याच बाकावर उलट्या तोंडानं, अंगणाकडे पाहत, जवळा निवडत बसतात. पाठ काढता-घालता येईल अशी करावी का, असं पुतण्या विचारतो. काढती पाठ खुळखुळणार. मी एकाच बाकाला कायमची पाठ लावणार आहे, भिंतीकडच्या. वखारीतून दोन जुने वासे सांगून ठेवलेत, सव्वादोन इंची. पाठीचा कल किती द्यायचा ते काकीला बसवूनच ठरवेन.