पाणथळाच्या काठी अण्णा

“मी कशाला? तुम्ही जाऊन या.” सहलीचा विषय निघाला, की घरातील ज्येष्ठ बहुधा असे म्हणतात आणि आपण ती विरक्ती समजतो. दवाखान्यात निवांत विचारले, की निराळेच कारण पुढे येते. वाटेत लघवीला कोठे जायचे? पाय घसरला तर? आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा झाला तर? या धास्तीने अनेकजण प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर, थकवा, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्गही उद्भवू शकतो.

माझ्या वडिलांचेही तसेच होते. ते निवृत्त संस्कृत शिक्षक. आई गेल्यानंतर पाच महिने त्यांनी अंगण ओलांडले नव्हते. जानेवारीत आम्ही त्यांना पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरणाच्या जलाशयाकाठी नेण्याचे ठरविले. माझी पत्नी त्यांना एवढेच म्हणाली, “अण्णा, गाडी तासातासाने थांबेल. औंढ्याला स्वच्छतागृहाची सोय पाहून ठेवली आहे.” अण्णा मुकाट्याने काठी घेऊन उठले.

पाण्यापासून दूर, कोरड्या सपाट जागी आम्ही त्यांची खुर्ची मांडली. उथळ पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे भक्ष्य शोधत होते. कपाळावर पांढरा टिळा मिरविणाऱ्या काळ्या पक्ष्याला वारकरी म्हणतात, हे ऐकून अण्णा हसले. पलीकडे नारिंगी अंगाच्या चक्रवाकांची जोडी होती. लडाख-तिबेटकडील हे पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे उतरतात. रात्री या जोडीची ताटातूट होते आणि ते परस्परांना साद घालतात, असा संस्कृत काव्याचा संकेत आहे. अण्णांनी तो वर्गात कितीदा शिकविला असेल! बराच वेळ ते पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “रात्र फार मोठी होते रे.”

मी काही समजावले नाही. जवळ बसून राहिलो. एका सहलीने शोक सरत नाही. मात्र झोप लागत नाही, अन्नावर वासना नाही, हे दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून सांगितले. बोलून दाखविलेल्या दुःखावर इलाज करता येतो.

आपल्या भागात अशी स्थळे आणखीही आहेत. पैनगंगेवरील ईसापूर जलाशय जवळच आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा आंतरराष्ट्रीय दर्जा लाभला. तेथे तळाशी उतरण्याची वाट ज्येष्ठांना अवघड आहे. सरोवर वरच्या कडेवरूनच पाहावे.

निघताना थोडी काळजी घ्यावी. जेवणाच्या आणि औषधांच्या वेळा चुकवू नयेत, विशेषतः मधुमेहाच्या. लघवी वाढविणारी गोळी चालू असल्यास तिची वेळ बदलावी का, हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. परस्पर बंद करू नये. घोट-घोट पाणी देत राहावे. मात्र हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे. टोपी, स्वेटर, न घसरणाऱ्या चपला आणि घडीची खुर्ची बरोबर असावी. ओल्या काठावर जाऊ नये. दोन तास पुरेत.

आणि पुढच्या वेळी घरातून “नको” ऐकू आले, तर आग्रह करण्यापूर्वी त्यामागची भीती विचारून घ्यावी. पुष्कळदा तिचे उत्तर आपल्या हाती असते.